नऊ दिवस आठ अंश

पेटी अजून उभी आहे. तिचा एक पाय खचला आहे, पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटून खालचं करडं लाकूड दिसतं आणि झडपांच्या फटींतून चिमण्यांनी ओढून नेलेलं गवत बाहेर लोंबतं. परवा सकाळी सोसायटीच्या आवारात गेलो तेव्हा पौषातलं ऊन नुकतं तिच्यावर चढत होतं. मी कडी काढून दार उघडलं. आत तापमापकाची नळी टांगायच्या दोन आकड्यांखेरीज काही नव्हतं. तरी माझा उजवा हात सवयीनं वर गेला आणि आकड्यांच्या चार बोटं अलीकडे थांबला. पूर्वी जिथं थांबत असे, अगदी तिथंच.

ही पेटी आता काढायची आहे. तिच्या जागी लोखंडी खांब येणार, त्यावर यंत्र बसणार, आणि थंडी किती, वारा कुठला, हे आपोआप मोबाइलवर येणार. सोसायटीचे नवे चेअरमन माझ्या पुतण्याच्या वर्गातले. त्यांनीच फोन केला होता.

"काका, गावातले पहिले हवामानवाले तुमीच. पाटीवर तुमचं नाव टाकतोय. अन् ते जुनं रजिस्टर तुमच्याकडंच हाय ना? काचेच्या कपाटात ठिवू म्हणतोय. पोरांना दिसंल, पूर्वी कसं काटेकोर काम व्हायचं ते."

मी हो म्हणालो. काटेकोर हा शब्द मात्र रात्रभर अंथरुणात टोचत राहिला.

आमचं गाव बालाघाटाच्या काठावर. वरच्या अंगाला धारूरचे डोंगर, खालच्या अंगाला उतार, तो थेट माजलगावपर्यंत जातो. त्या दिवसांत माजलगावला धरणाची भिंत चढत होती आणि निम्मा गाव तिथं माती वाहायला जाई. मी शेतकऱ्यांच्या कर्ज सोसायटीचा गटसचिव होतो, पंचविशीतला, नवी सायकल आणि खिशाला दोन पेनं. हवामान खात्यानं सोसायटीच्या आवारात पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं आणि ही पेटी आणून बसवली. पेटीत दोन तापमापक. साडेआठला वाचन घ्यायचं, रजिस्टरात लिहायचं, दारातल्या फळ्यावर लिहायचं आणि महिनाअखेर टपालानं खात्याला कळवायचं. पण पावसानं सलग दुसऱ्या वर्षी ओढ दिली होती. तांब्याच्या भांड्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. पाऊस मोजायला आलेल्या आम्हाला मोजायला उरली ती थंडी.

आणि ती थंडी भरपूर होती. दुष्काळातली थंडी निराळी असते. जमीन कोरडी, आभाळ कोरडं, मध्ये तिला अडवणारं काही नाही. पहाटे घाटावरून वारं उतरे ते थेट गोधडीत शिरे. तुराट्यांच्या शेकोटीचा धूर गावावर पांघरुणासारखा आडवा पसरे. चुलीवर पाणी तापवण्याच्या भगुण्याची काजळी, एरंडाच्या तेलानं माखलेल्या टाचा, उन्हात वाळत घातलेला हरभऱ्याचा पाला, बाजरीच्या भाकरीला फासलेला लसणाचा ठेचा: त्या हिवाळ्याचे वास असे एकेक करून अजूनही येतात. चांगल्या साली या दिवसांत हुरडा असे. त्या साली हुरड्याचं नाव निघालं की म्हातारे दुसरीकडे बघत. तरी काळ्या रानात थोडी ज्वारी तगून होती. पाण्यावर नव्हे, दवावर. सकाळी धाटांच्या पोंग्यात दवाचे थेंब साचत, ते हळूहळू बुडाशी उतरत. लोक बांधावर उभं राहून ते थेंब पाहत, जसं कोणी आजाऱ्याच्या तोंडात चमच्यानं पाणी जाताना पाहावं.

फळ्याचं गावाला मोठं अप्रूप. मी खडूनं चार ओळी लिहीत असे. किमान. कमाल. आकाश. अंदाज. अंदाज रेडिओवरून ऐकलेला, थोडा माझ्या मनचा. समोरच रहीमचाचांचं चहाचं हॉटेल. माझा खडू थांबला की चाचा मोठ्यानं वाचून दाखवत आणि बाकावरचे म्हातारे त्यानुसार घोंगडं आवळत किंवा सैल सोडत.

"कितीय आज, चाचा?"

"नऊ."

"काल बी नऊच व्हतं की."

"काल नऊ होतं तेव्हा तू दोन चहा घेतला. आज एकावरच बसलायस. थंडीचा असा अपमान करू नये."

गयाबाई आवार झाडायच्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, बारीक बांध्याच्या, नवरा नाही, एक मुलगी, विमल, गावातल्या शाळेत सातवीला. राहायला बौद्धवाड्यात. आज मी 'गयाबाई झाडायच्या' असं लिहितो आहे; तेव्हा मी त्यांना 'तू' म्हणत असे. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, "पेटीजवळ जायचं नाही. हात लागता कामा नये. नाजूक यंत्र आहे." त्यांनी मान हलवली. तेव्हापासून त्या पेटीभोवती दोन हात जागा सोडून झाडत. सारं आवार लख्ख, आणि पेटीभोवती कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचं एक गोल कडं. रोजच्या रोज ते कडं थोडं जाड होई. मला ते दिसे. जाऊन झाडून घे, असं मी कधी म्हणालो नाही.

आवाराला लागून सोसायटीचा बियाण्याचा तुकडा होता, विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर जगवलेला हरभरा. त्यावर गयाबाई आंब धरत. आता हे फारसं कोणी करत नाही. हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो. संध्याकाळी जुन्या धोतराचं धुतलेलं पातळ फडकं झाडांवर अंथरायचं. दव पडतं, पानांवरचा खार त्यात उतरतो, फडकं भिजतं. उजाडताच ते उचलून पिळायचं. बाटलीत जमतं ते आंबट पाणी म्हणजे आंब. पोट दुखलं, अपचन झालं, की अख्खा गाव त्यांच्या दारात. ते फडकं पिळताना येणारा वास नाकात झिणझिण्या आणे, तोंडाला पाणी सोडी. पेटीचं दार उघडताना तो वास आला नाही असा त्या हिवाळ्यातला एक दिवस मला आठवत नाही. म्हणजे, ते नऊ दिवस येईपर्यंत.

फडकं पिळून झालं की त्या माझ्याकडे न बघता बोलत.

"आज गच्च भिजलंय. आभाळ मोकळं ऱ्हाईल."

मी म्हणे, "तुझ्या फडक्याला काय कळतंय? माझ्याकडे काच आहे."

"काच पेटीत बसतीया, सायब. फडकं रानात निजतंय."

चाचा पलीकडून हसत. मीही हसत असे. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर येई, हे मी रजिस्टरात कुठंही लिहिलं नाही.

आता त्या काचेविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे. किमान तापमानाची नळी आडवी टांगलेली असते. तिच्यात पातळ द्रव असतो आणि त्यात बुडालेली एक बारीक काळी काडी. थंडी वाढली की द्रव मागं सरतो, काडीला ओढत नेतो. ऊब आली की द्रव पुढं जातो, काडी मात्र मागंच राहते. थंडी कुठवर गेली होती ते दाखवत. सकाळी ती वाचायची, आणि मग नळी आकड्यांवरून काढून अलगद कलती करायची, म्हणजे काडी सरकून पुन्हा द्रवाच्या टोकाशी येते. कलती केली नाही, तर काडी जागची हलत नाही. गेलेली थंडी ती रोज नवी म्हणून दाखवत राहते.

माघात सोसायटीची निवडणूक लागली. चेअरमन आबा सकाळी आठलाच जीप घेऊन दारात. मी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरे. सभासदांची यादी माझ्या तोंडपाठ होती. जीपचा भोंगा वाजे, थंडीनं बोटं वाकत नसत, आकड्यांवरून ती नळी काढायची म्हणजे जिवावर येई. पहिल्या दिवशी काडी आठावर होती. मी आठ लिहिलं. नळी उद्या कलती करू म्हणालो.

उद्याही आठ. परवाही आठ. मी दार उघडी, काडी आठावर दिसे, हात वर जाई आणि चार बोटं अलीकडे थांबे. भोंगा वाजे. मी आठ लिही, आणि खाली आदल्या दिवसाच्याच ओळी. आकाश निरभ्र. हवामान कोरडे राहील.

मधेच कधीतरी थंडी गेली. मला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. जीपमध्ये मी स्वेटर काढून मांडीवर घेत होतो. चाचांच्या बाकावर मात्र म्हातारे घोंगड्यांत घाम पुशीत बसलेले.

"चाचा, आज जरा उकडाय लागलंय का?"

"फळ्यावर आठ हाय. गप पांघरून बस."

"न्हाई, आठ हाय तर हाय. पर पाठीला घाम कावून येतोय?"

"सोसायटीपेक्षा तुझी पाठ शहाणी हाय का?"

या गमतीवर मी पुढं कितीतरी वर्षं हसू शकलो नाही.

सातव्या दिवशी गयाबाई फडकं हातात धरूनच माझ्यासमोर आल्या. पेटीपासून दोन हात लांब, पाल्याच्या कड्याबाहेर उभ्या राहिल्या.

"सायब, तीन दिस झालं, फडकं कोरडं निघतंय. दव न्हाई. वारं बी फिरलंय. आभाळ येतंय बगा."

मी दार लावत होतो. "आठ आहे, गयाबाई."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. मग फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि गेल्या.

आवारामागच्या मोकळ्या रानात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. आजूबाजूच्या गावांची गुरं तिथं बांधलेली, आणि दूरवरून ट्रकनं आणलेल्या कडब्याच्या मोठाल्या गंजी. गुरांचं सगळं त्या कडब्यावर. गंजींवर ताडपत्र्या होत्या. नवव्या दिवशी सकाळी आबा जीपमधूनच म्हणाले, "सेक्रेटरी, घाटाखाली सभा ठेवलीय. मंडपाला ताडपत्र्या लागतेत. आभाळाचं काय?"

"कोरडं आहे, आबा. आठ अंश."

"मग काढा."

मी स्वतः उभा राहून ताडपत्र्या काढवल्या. कपाळावरचा घाम पुसत.

दहाव्या दिवशी उजाडायच्या सुमाराला वारं सुटलं आणि माघातला पाऊस आला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो असा आला. तासभर कोसळला आणि निघून गेला. तांब्याच्या भांड्यात पाणी साठलं, त्यावर मेलेल्या गांधीलमाश्या तरंगत होत्या. कडबा आतपर्यंत भिजला. पसरून वाळवायला जागा नव्हती, ऊनही चार दिवस पडलं नाही. गंजी आतून तापल्या, काळ्या पडल्या. त्या कुजट वाफेचा वास आठवडाभर गावावर राहिला. भुकेली गुरं पुढ्यात टाकलेल्या पेंढीला नाक लावत आणि तोंड फिरवत. दावणी एकेक करून रिकाम्या झाल्या. माणसं गुरं सोडून बाजाराच्या रस्त्याला लागली. गुरांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज उताराला लागून बारीक होत गेला.

मग कडब्याच्या चौकशीला तालुक्याहून साहेब आले. ओसरीवर खुर्ची टाकून बसले, रजिस्टर उघडलं.

"नऊ दिवस एकच आकडा?"

आबा माझ्याकडे पाहू लागले. खाली पायरीवर गयाबाई झाडू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर पेटी, तिच्याभोवती पाल्याचं ते कडं, पावसानं भिजून जमिनीला चिकटलेलं, कुठंही झाडूनं तुटलेलं नाही.

मी म्हणालो, "झाडताना धक्का लागला असेल. काडी अडकली असेल."

"झाडतं कोण?"

"गयाबाई."

एवढंच. मी दुसरं कुणाचं नाव घेतलं असतं तर साहेबांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते. तो माणूस भांडला असता, त्याची भावकी आली असती. या नावावर कोणी उलट विचारणार नाही हे मला माहीत होतं. विचार करून नव्हे. जसं पाणी कुठं उतरेल हे जमिनीला माहीत असतं, तसं. साहेबांनी शेऱ्याच्या रकान्याकडे बोट केलं आणि मी माझ्याच पेनानं लिहिलं: 'सफाई कामगार गयाबाई हिच्या हातून पेटी हलल्याने वाचन चुकले.'

"उद्यापासून तिला आवारात येऊ देऊ नका," आबा म्हणाले.

गयाबाई उठल्या. झाडू भिंतीला नीट उभा करून ठेवला. जाताना पेटीपाशी क्षणभर थांबल्या आणि पायाशी, त्या पाल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पाल्याकडे दुसरं कोणीही पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर त्या दिराच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्या. या जिल्ह्यात हिवाळा म्हणजे गाव रिकामं होण्याचे दिवस. पण त्या कधी गेल्या नव्हत्या, आवाराच्या कामामुळे त्यांचा हिवाळा गावात जात असे. विमललाही बरोबर नेलं. हरभऱ्याच्या तुकड्यावर फडकं दिसेनासं झालं. एकदा त्यांच्या टोळीतला एक जण गावी आला तेव्हा चाचांच्या बाकावर सांगत होता, "गयाबाई रोज सकाळी उसाची मोळी बांधताना इचारती, आपल्या गावात दव पडत आसंल का?" मी फळ्यावर लिहीत होतो. खडू मोडला. मी दुसरा घेतला.

पेटीभोवतीचा पाला त्यानंतर रोज झाडला जाई. नव्या माणसाला मी तसं सांगितलं होतं.

चेअरमनचा फोन आल्यावर ट्रंकेतून रजिस्टर काढलं. पानांना कोंदट वास, मधूनच एखादं लिंबाचं पान. त्या नऊ दिवसांची नोंद उघडली. आठ, आठ, आठ. माझं तरुण, वळणदार अक्षर. हे काचेच्या कपाटात राहणार, गयाबाईंचं नाव या गावात फक्त एवढ्याच जागी लिहिलेलं राहणार, आणि शेजारी पाटीवर माझं.

म्हणून परवा पेटी पाहिली, आणि तिथून रजिस्टर काखेत मारून बौद्धवाड्यात गेलो. विमलताई दवाखान्यात नर्स होत्या, यंदाच निवृत्त होऊन गावी राहायला आल्यात. गयाबाई जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. विमलताईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. काका म्हणाल्या नाहीत, साहेबही म्हणाल्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. काडीचं, भोंग्याचं, बोटांचं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"आईला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही नळी काढतच नव्हता. ती रोज बघायची ना, फडकं पिळताना. पहिल्या दिवसापासून तिनं बघितलं होतं. म्हणायची, त्या सायबाची बोटं गारठायची."

"मग बोलल्या का नाहीत? चौकशीत?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. "कुणाला सांगायचं होतं? रजिस्टर तुमचं, पेन तुमचं. तिला तर सही पण येत न्हवती." मग म्हणाल्या, "माझी दोन वर्षं गेली शाळेची. ती मी मागून भरून काढली. तिचं तेवढं राहिलं. दाखवा ते पान."

मी पान उघडून दिलं. त्यांनी शेऱ्याची ओळ वाचली, ओठ हलवत, सावकाश. मी खिशातून लाल पेन काढलं, ती ओळ खोडायला.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "ते राहू द्या. कुणी लिहिलं, कुणाच्या अक्षरात, ते दिसू द्या. त्याच्याखाली लिहा."

मी लिहिलं. हात या वेळी थांबला नाही. 'वरील नऊ दिवसांत पहिला दिवस सोडून वाचन घेतले नाही. नळी मी कलती केली नाही. वरचा शेरा खोटा आहे, तो मीच लिहिला.' पुढचं त्यांनीच सांगितलं.

"पाल्याचं लिहा. आई पाल्याचं लई सांगायची."

'पेटीभोवती पाला तसाच होता. त्या तिथं कधीच गेल्या नव्हत्या. मीच मनाई केली होती. सातव्या दिवशी त्यांनी मला सांगितले: फडके कोरडे, दव नाही, आभाळ येणार. पहिल्या दिवसानंतरची ही एकमेव खरी नोंद. नोंद करणार: गयाबाई.'

मी सही केली. विमलताईंनी पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली, मोठ्या गोल अक्षरात. मग अक्षरं वाळेपर्यंत रजिस्टर मांडीवर उघडंच धरून बसल्या. मी चेअरमनला तिथूनच फोन लावला. माझं नाव पाटीवर नको म्हणालो, रजिस्टर मात्र याच पानावर उघडं ठेवायचं. "काका, हे असलं कशाला, लोक काय म्हणतील," ते म्हणत राहिले. मी म्हटलं, नाही तर रजिस्टर मिळणार नाही. बघू, म्हणाले. ते काय करतात ते अजून मला माहीत नाही. म्हणूनच इथंही लिहून ठेवतो आहे.

निघताना परसात पाहिलं. चार हात जागेत हरभरा लावला होता, आणि कडेच्या तारेवर एक जुनं पातळ फडकं वाळत टाकलेलं. माझ्या खिशातला मोबाइल सकाळीच सांगून बसला होता: किमान अकरा, आकाश निरभ्र. मी तो काढला नाही.

"आज कसं होतं?" मी विचारलं.

विमलताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "हात लावून बघा की," त्या म्हणाल्या.

मी हात वर नेला. फडकं अजून ओलं होतं, गार होतं. बोटांना तो आंबट वास लागला.